डाव्या पिळाची गाठ

मारोतीने बाटली उलटी धरली आणि आतलं काही सांडलं नाही.

बाटलीला बूच नव्हतं. आत जे होतं त्यात शंभरातले अठ्ठ्याण्णव भाग नुसतं पाणी होतं. तरी ते गार झालेल्या खळीसारखं काचेला धरून राहिलं. आमचे प्रमुख डॉ. सबनीस खुर्चीतून उठले. चष्मा कपाळावर सारून त्यांनी बाटली हातात घेतली, हलवली, पुन्हा उलटी केली.

“किती वेळा काढलं मशीनमधून?”

“सात येळा, सर.”

“आणि खाली बसत नाही?”

“परवापासून ठेवलंय. न्हाई बसलं.”

मी शेजारच्या टेबलापाशी उभा होतो. माझ्यासमोर माझी बाटली होती. तिच्या तळाला बोटभर पांढरा भुगा होता आणि वर नितळ पाणी. चार वर्षं मी तेच काम करत होतो आणि चार वर्षं माझा भुगा तळाला बसत होता. मारोती हातागळेला आमच्याकडे येऊन आठ महिने झाले होते.

सबनीस सरांनी बाटली त्याला परत दिली आणि म्हणाले, “छान, मारोती.” मला ते अजूनही ‘कदम’ म्हणत. त्याला आठ महिन्यांत नावाने हाक मारू लागले होते, हे मी त्या क्षणी मोजलं.

हे परभणी जिल्ह्यातल्या एका लहानशा संशोधन केंद्रात घडलं. केंद्र केव्हाच बंद झालं, इमारतीत आता खताचं गोदाम आहे. काळ मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाचा. दंगलीला पाच-सहा वर्षं होऊन गेली होती, पण ऑफिसात चहाच्या वेळी तो विषय निघाला की अजून कप आपटले जायचे. आज मी ऐंशीला टेकलो आहे. त्या बाटलीचं पुढे काय झालं ते मी आजवर कुठे लिहिलं नाही. एका फॉर्मवर लिहायला हवं होतं, तिथेही लिहिलं नाही.

आधी काम काय होतं ते सांगतो.

आपल्याकडे अंबाडीची भाजी खातात आणि तिच्या सालीचे दोर वळतात. त्या सालीच्या तंतूत मुख्य पदार्थ असतो सेल्युलोज. कापूस म्हणजे जवळजवळ सगळा सेल्युलोजच. अंबाडीत मात्र त्याच्याभोवती डिंकासारखे आणि लाकडासारखे पदार्थ चिकटलेले असतात. कॉस्टिक सोड्यात शिजवून आणि ब्लीच करून ते काढून टाकले की पांढराशुभ्र लगदा उरतो. त्या लगद्यातला प्रत्येक तंतू हा स्वतः एक दोर असतो. तो आणखी बारीक तंतूंचा, ते त्याहून बारीक तंतूंचे. शेवटचा तंतू इतका बारीक की एका केसाच्या जाडीत तसे हजारो शेजारी शेजारी मावतील. आज त्याला नॅनोफायबर म्हणतात आणि त्यावर परिषदा भरतात. आमच्या वेळी तो शब्द नव्हता. आम्ही ‘मूळ तंतू’ म्हणायचो. ते सुटे करायचे आणि सुटे झालेत हे दाखवायचं, एवढंच आमचं काम होतं. दाखवायला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो. तो मुंबईत होता.

माझी पद्धत पुस्तकातली होती. प्रत्येक पायरीनंतर लगदा ओव्हनमध्ये वाळवायचा, वजन घ्यायचं, नोंद करायची आणि पुढच्या पायरीला पुन्हा भिजवायचा. माझ्या वहीत वजनं चौथ्या दशांशापर्यंत होती. वही फार सुंदर होती.

मारोती वाळवतच नसे. पहिल्या आठवड्यात मी त्याला टोकलं होतं.

“ड्राय वेट कुठंय तुमचं?”

“थोडं काढून वाळवतो की, सर. बाकीचं ओलंच ठेवतो.”

“का?”

तो जरा लाजला. “आमच्याकडं म्हन्तात, मधी वाळली की साल बसती.”

मारोती वालूरचा. त्याच्या घरी दोर वळायचा धंदा होता. बैलांचे कासरे, दावी, विहिरीचे सोल, सगळं त्याच्या वडिलांच्या हातचं. अंबाडीच्या पेंढ्या पाण्यात कुजत घालायच्या, पंधरा-वीस दिवसांनी साल सुटायला लागते. ती पाण्यात उभं राहूनच सोलायची. पेंढी काठावर काढून ठेवली आणि मधेच वाळली की साल काडीला घट्ट धरते. मग तिला पुन्हा महिनाभर भिजवा, ती पहिल्यासारखी सुटत नाही. त्याला त्याच्या घरी ‘बसली’ म्हणत. त्याने हे घरचं ज्ञान एम.एस्सी.च्या रसायनशास्त्राला जोडलं होतं. पाणी निघून गेलं की शेजारचे तंतू एकमेकांना कायमचे धरून बसतात, असा त्याचा अंदाज होता. तो बरोबर होता. आज ते कुठल्याही पाठ्यपुस्तकात आहे.

मी तेव्हा म्हणालो, “ही प्रयोगशाळा आहे, हातागळे. ओढा नाही.”

तो म्हणाला, “होय सर,” आणि लगदा ओलाच ठेवत राहिला.

मशीनची कल्पनाही त्याचीच. गावाच्या कडेला एक दुग्धशाळा होती. तिथे होमोजिनायझर होता. दूध मोठ्या दाबाने बारीक फटीतून ढकलायचं म्हणजे साय वेगळी होत नाही, असं ते यंत्र. मारोतीच्या मनात आलं, सायीचा थेंब फुटतो तर लगदा का फुटणार नाही? त्याने डेअरीच्या मॅनेजरची परवानगी काढली, दुपारी यंत्र धुवायच्या आधीची वेळ मागून घेतली. आमचा लॅब अटेंडंट रज्जाकभाई सायकलच्या कॅरिअरला लगद्याची बादली बांधून त्याच्याबरोबर जायचा. येताना दोघं हसत यायचे. मला ते हसणंही खटकायचं. माझ्याबरोबर रज्जाकभाई पंधरा वर्षं होता, आम्ही कधी असे हसलो नव्हतो.

एकदा चहाला मी म्हणालो, “सवलतीनं आलेल्या माणसाला मशीन पण सवलतीत मिळायलंय.”

चार जण हसले. मारोती दारातच होता, हातात कपबशी. त्याने ऐकलं. तो आत आला, आपली साखर ढवळली आणि मला विचारलं, “सर, सल्फ्युरिक ॲसिडची बाटली तुमच्या कपाटात हाय का?”

मी किल्ली दिली. हे वाक्य मी नामांतराच्या वादाच्या भरात बोललो असं बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. त्याची बाटली उलटी होत होती आणि माझी होत नव्हती, म्हणून बोललो. जातीचा शब्द हाताशी होता, तो वापरला.

आता त्या शनिवारची गोष्ट.

मारोतीची नेमणूक योजनेतली होती, दोन वर्षांची. योजनेतून एक कायमची जागा निघणार होती. मुंबईच्या फोटोत सुटे तंतू दिसले तर ती जागा त्याची, हे सबनीस सरांनी उघड सांगितलं होतं. माझी नोकरी पक्की होती. मला त्यात गमावण्यासारखं काही नव्हतं, हे नमूद करतो. माझ्याबद्दल कुणी कीव करू नये.

सबनीस सर रविवारी सकाळच्या गाडीने मुंबईला निघणार होते, सॅम्पल स्वतः नेणार होते. मारोतीने शुक्रवारी बाटली भरली, पत्र्याच्या डब्यात भुसा घालून बसवली आणि डबा अंबाडीच्या सुतळीने चारी बाजूंनी बांधला. शनिवारी सकाळी तो वालूरला गेला. बहिणीची सोयरीक ठरायची होती. जाताना मला म्हणाला, “सर, डब्याला काही करायचं न्हाई. फकस्त सरांच्या हातात द्यायचा.”

शनिवारी ऑफिस अर्धा दिवस. अकराच्या सुमारास सबनीस सरांनी मला बोलावलं.

“कदम, मुंबईचा फॉर्म बघा. ड्राय वेटचा रकाना रिकामा आहे. तेवढं काढून भरून ठेवा. मी उद्या घरूनच निघेन, डबा चार वाजता शिपायाकरवी पाठवा.”

यात गैर काही नव्हतं. बाटलीतलं ते खळीसारखं जेल चमचाभर काढायचं, वजन करायचं, वाळवायचं, पुन्हा वजन करायचं. उरलेलं तसंच बंद करायचं. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला येतं.

डब्याची गाठ मात्र मला सुटेना. बोटांनी ओढली तर आणखी आवळायची. शेवटी दाभण घालून ती सोडवली. बाटली काढली, टेबलावर ठेवली, आणि कुणी नव्हतं म्हणून उलटी केली. काही सांडलं नाही.

मी ती किती वेळ उलटी धरून उभा होतो ते सांगता येणार नाही. मग मी काचेची पसरट ताटली घेतली आणि चमचा न घेता बाटली तीत झाडली. सगळी.

ओव्हन एकशे पाच अंशांवर होता. रज्जाकभाई खिडक्या लावत होता. त्याने ताटलीकडे पाहिलं.

“साब, पुरंच टाकले का? थोडं ठेवायचं होतं ना.”

“फॉर्ममधे पूर्ण वाळवून वजन मागितलंय.”

“हातागळेसाब तर बोलले होते…”

“फॉर्म तुला वाचता येतो का?”

तो उरलेल्या खिडक्या लावायला वळला. त्याला इंग्रजी वाचता येत नसे, हे मला माहीत होतं.

तीन तासांत ताटलीत पापुद्रा उरला. पतंगाच्या कागदासारखा, कडा वर आलेल्या. तो इतका चिवट होता की फाटेना. त्यावरूनच कुणालाही कळलं असतं की मारोतीने काय केलंय. मला कळलं. मी तो कात्रीने बारीक कापला, खलात घोटला, डिस्टिल्ड वॉटर घालून बाटलीत भरला आणि जोरात हलवला. दुधासारखं दिसलं. मला माहीत होतं की ते दिसणं दहा मिनिटांचं आहे.

फॉर्मवर ड्राय वेट लिहिलं. चौथ्या दशांशापर्यंत. खाली ‘नमुन्यावर केलेली इतर प्रक्रिया’ असा रकाना होता. तिथे आडवी रेघ मारली. डबा त्याच सुतळीने पुन्हा बांधला आणि चार वाजता पाठवून दिला.

रिपोर्ट सव्वा महिन्याने आला, सोबत डबाही. फोटोत ओबडधोबड ढेकळं होती. खाली दोन ओळी: कण एकत्र चिकटलेले, सुटे तंतू आढळले नाहीत.

मारोतीने डबा उघडला. मुंबईवाल्यांनी सुतळी कात्रीने कापली होती, तुकडे डब्यातच टाकले होते. त्याने आधी बाटली उजेडात धरली. तळाला भुगा, वर पाणी. अगदी माझ्या बाटलीसारखी. मग त्याने सुतळीचे तुकडे हातात घेतले आणि अंगठ्याखाली फिरवत बसला. तो काळजीत पडला की काहीतरी वळत बसायचा, म्हणून मला त्यात विशेष वाटलं नाही.

“सर, त्या शनिवारी बाटली कुनी उघडली होती का?”

“मी उघडली. फॉर्मसाठी चमचाभर घेतलं.”

“चमचाभर.”

“हो.”

त्याने रज्जाकभाईकडे पाहिलं. रज्जाकभाईने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “आपल्याला ध्यानात न्हाई.”

त्याने एक बाटली राखून ठेवली होती. पण आमच्याकडे फ्रिज नव्हता आणि तोवर एप्रिल लागला होता. जेलवर काळी बुरशी चढली होती. नव्याने करायचं तर होमोजिनायझर हवा. डेअरीच्या मॅनेजरकडे कुणीतरी तक्रार केली होती की दुधाच्या मशीनमध्ये कोण काय घालतंय ते बघा. ‘कोण’वर जोर होता. ती तक्रार मी केली नव्हती. पण परवानगी पुन्हा मिळावी म्हणून आमच्या ऑफिसची एक चिठ्ठी पुरली असती, आणि सबनीस सरांनी त्याबद्दल मलाच विचारलं.

“कदम, तुम्ही सीनियर आहात. पुन्हा करायला लावायचं का? पोराच्या हातात काहीतरी आहे असं मला अजून वाटतंय.”

“रिपोर्ट स्पष्ट आहे, सर. जेल दिसतं म्हणजे तंतू सुटले असं नाही.”

“मग उलटी बाटली?”

“खळही उलटी राहते, सर.”

सबनीस सरांनी मान हलवली. योजनेचा आढावा झाला, ती जागा निघालीच नाही. मारोतीची दोन वर्षं संपली, पुढे ऑर्डर आली नाही. शेवटच्या दिवशी त्याने सगळी काचेची भांडी धुऊन पालथी घातली, यादीवर सह्या घेतल्या. मला म्हणाला, “येतो, सर.” मी म्हणालो, “प्रयत्न करत राहा.” हे वाक्य मी खरोखर उच्चारलं.

याहून वाईट पुढे आहे. चार वर्षांनी मी तोच प्रयोग केला. लगदा वाळू दिला नाही. होमोजिनायझर तोच, डेअरी तीच. माझ्या एका चिठ्ठीवर मिळाला. यावेळी मुंबईच्या फोटोत तंतू दिसले, लांब, सुटे, एकात एक अडकलेले, जाळ्यासारखे. त्यावर पेपर लिहिला. नावं दोन, माझं आणि सबनीस सरांचं. आभाराच्या ओळीत डेअरीचा मॅनेजर होता. मारोती हातागळे कुठेच नव्हता. फोटो मोठा करून मी केबिनमध्ये लावला. येणारे जाणारे विचारायचे, हे काय आहे? मी समजावून सांगायचो. तरी त्या फोटोकडे मला एकट्याला फार वेळ बघवत नसे. तो मला आवडायचा आणि तो माझा नव्हता. हेवा वाटायचा थांबेल असं मला वाटलं होतं. चोरीच्या वस्तूचाही हेवा वाटतो, हे मला तेव्हा कळलं.

नामांतर झालं त्या साली, म्हणजे चौऱ्याण्णवला, आमचं काचेच्या भांड्यांचं एक पार्सल पूर्णा जंक्शनवर अडकलं. मी स्वतः आणायला गेलो. पार्सल ऑफिसच्या खिडकीत चष्मा लावलेला एक माणूस पावती फाडत होता. मान वर करून म्हणाला, “सर, तुमी? आत या.”

त्याने चहा सांगितला, खुर्ची पुसून दिली. रेल्वेत लागून त्याला नऊ वर्षं झाली होती. दोन मुली होत्या. मी पेपरचं काही बोललो नाही. त्यानेच काढलं.

“तुमचा पेपर वाचला, सर. फोटो लय चांगला आला.”

मी चहाचा कप खाली ठेवला. म्हणालो, “मारोती, त्या शनिवारी…”

“ठाऊक हाय, सर.”

“रज्जाकभाईने सांगितलं?”

“न्हाई. त्यो कशाला सांगंल, त्याला पेन्शन पायजे होती.” त्याने टेबलावरची सुतळी उचलली, एका पेटीच्या कोपऱ्याला गुंडाळली आणि बोटांचा एक हेलकावा देऊन गाठ मारली. “माझे वडील डावखुरे. आमच्या घरी पीळ डावा आन् गाठ बी डावी. दुसऱ्याला ती सुटत न्हाई लवकर. डबा मुंबईहून आला तवा सुतळी माझी होती, गाठ उजवी होती. कापली त्यांनी, पर गाठ तशीच राहिलती.”

“चमचाभर घ्यायलाही गाठ सोडावीच लागते.”

“लागते की. म्हनून तुमाला इचारलं. चमचाभर घेतलं असतं तर बाकीचं बसलं नसतं.” मग म्हणाला, “तुमी चमचाभर म्हनलात, तितंच कळलं.”

“मग बोलला का नाहीस?”

तो हसला, रागाने नव्हे. “कुनाला बोलू? त्या दिवसांत? म्हनले असते, ह्यो जातीचं मधी आनायलाय. आन् पुरावा काय दाखवू, सुतळी?”

बाहेर मालगाडी शंटिंग करत होती. मग मी विचारलं, “मी आता काय करू?”

“लिहून द्या.”

“कुणाला?”

“ते तुमी बघा. पेपर लिहिता आला, तर हेबी येईल.”

त्याने माझी पेटी हातगाडीवर चढवून दिली. मी लवकरच लिहीन म्हणून शब्द दिला. निवृत्तीपर्यंत थांबलो, मग सबनीस सर गेल्यावर लिहू म्हटलं, मग मुलांची लग्नं झाल्यावर. रज्जाकभाईही गेला. अशी तीस वर्षं मी हे वाळत ठेवलं.

गेल्या महिन्यात लिहून काढलं. ज्या नियतकालिकात तो पेपर आला होता ते बंद झालं आहे, म्हणून ते जिथे छापून येईल तिथे देतो आहे: अंबाडीच्या सेल्युलोजचे मूळ तंतू आमच्या केंद्रात प्रथम सुटे केले ते मारोती हातागळे यांनी. लगदा वाळू न देणं आणि दुधाचं यंत्र वापरणं या दोन्ही कल्पना त्यांच्या. मुंबईला गेलेला पहिला नमुना मी जाणूनबुजून वाळवला. माझा पेपर हा त्यांच्या कामाची नक्कल आहे.

हा मजकूर आधी मारोतीला पाठवला. तो आता मुलीकडे असतो. आठ दिवसांनी कागद परत आले, डाव्या गाठीने बांधलेले. सोडवायला मला पुन्हा दाभण लागलं. आत त्याने एकाच ठिकाणी लाल शाईने खूण केली होती. सुरुवातीच्या प्रसंगात त्याने होमोजिनायझरमधून पाच वेळा काढलं असं मी लिहिलं होतं, कारण माझ्या पेपरात पाच आहे. समासात त्याने लिहिलं होतं: “सात. पाचाला घट्ट होतं, पण बाटली उलटी धरली तर सांडतं. बाकी बरोबर.”

म्हणजे माझं जेल सांडत होतं. फोटोत तंतू दिसले म्हणून मी तेवढ्यावर थांबलो होतो आणि बाटली कधी उलटी करून पाहिली नव्हती. वर मी पाचाचे सात केले आहेत. नवीन काम करणाऱ्यांना एवढंच सांगेन की नमुन्यातलं चमचाभरच वाळवावं, आणि फॉर्मवर आडवी रेघ मारण्याआधी तो रकाना वाचावा.